पाण्यांतील पिकास उजेड किती द्यावा?

अंधेरी आणि मुलुंड यांच्या दरम्यान १८९१ सालीं बांधून झालेला पवईचा तलाव आहे. त्यावर जलपर्णी माजली म्हणजे तिच्या दाट पानांखालीं उजेड पोहोंचत नाहीं. तळाच्या वनस्पती खंगतात आणि पाण्यांतील प्राणवायु घटतो. उलटपक्षीं, शेततळ्यांत खताचा अंश उतरला व वर कडक ऊन पडलें, तर तेंच पाणी हिरवेंगार होतें आणि पहांटे मासे वर येऊन धापा टाकूं लागतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तात्पर्य, पाण्यांतील शेतीस उजेड कमी पडला तरी घात होतो आणि अधिक झाला तरीही होतो.

बोरिवली, घाटकोपर येथील घरांत हल्लीं मोठ्या कांचेच्या टांक्यांतून मासे व जिवंत वनस्पती ठेवण्याची आवड दिसून येते. आपल्यांतील कित्येकांचीं मुलें तिकडे राहतात. कोणी अशा वनस्पती वाढवून विकण्याचा जोडधंदाही करूं पाहतो. दोघांचाही पहिला मोठा खर्च दिव्यांचा असतो, आणि बहुधा चूकही तेथेंच होते. जितका दिवा प्रखर तितकें पीक जोमदार, अशा समजुतीनें भारी दिवा घेतला जातो. महिन्याभरांत पानांवर व कांचेवर शेवाळ चढतें आणि पैसा पाण्यांत जातो.

ह्याचें कारण शेतकऱ्यास नवें नाहीं. जें अन्नद्रव्य सर्वांत तोकडें असेल त्यावर पिकाची वाढ अवलंबून असते, हा लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नियम आपणांस ठाऊक आहे. तोच येथें लागू पडतो. उजेड वाढविला म्हणजे वनस्पतीस नत्र, पालाश, लोह आणि कर्बवायु हींही अधिक लागतात. तीं न मिळाल्यास तिची वाढ खुंटते, आणि थोडक्यावर निभावणारें शेवाळ उरलेल्या उजेडाचा लाभ घेतें. म्हणून आधीं पीक ठरवावें, मग खत, आणि शेवटीं दिवा.

आपल्या कोंकणांतील ओढ्यांत उगवणारी क्रिप्टोकोराइन, तसेंच व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न व अनुबियस या वनस्पती मंद ते मध्यम उजेडांत नांदतात. तळाशीं हिरवळ पसरविणाऱ्या लहान वनस्पती व गडद तांबड्या पानांच्या जाती यांना मात्र प्रखर उजेड लागतो, आणि त्याबरोबर कर्बवायु सोडण्याची सोयही करावी लागते. नवशिक्यानें पहिल्या वर्गापासूनच आरंभ करावा.

आतां हिशेब पाहूं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल टांकी घेतली तर २४ घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी झालें. नुसत्या पाण्याचेंच वजन जवळ जवळ सात क्विंटल भरतें. सोप्या वनस्पतींस लिटरमागें १० ते २० ल्युमेन हा स्थूल अंदाज धरल्यास ६,८०० ते १३,६०० ल्युमेन लागतील. वॅटमागें १०० ल्युमेन देणारे एलईडी दिवे घेतले तर हें काम ७० ते १३५ वॅटांत होतें. शंभर वॅटांचे दिवे रोज आठ तास जाळल्यास महिन्यास २४ युनिट वीज खर्च होईल.

परंतु केवळ ल्युमेनवर विसंबूं नये. तें माप मनुष्याच्या डोळ्याचें आहे, आणि डोळ्यास हिरवट-पिंवळा उजेड सर्वांत अधिक भासतो. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर लहरींचा उजेड वापरते. त्यांत तांबडा व निळा भागही भरपूर हवा. सुमारें ६,५०० केल्विनचा पांढरा दिवा बहुतेकांस पुरतो. खोलीकडेही लक्ष द्यावें: पृष्ठभागापाशीं झगझगीत दिसणारा उजेड दोन फुटांखालीं पुष्कळ मंदावतो. झांकणाच्या कांचेवरील धूळ व क्षारही तो अडवितात. ती कांच आठवड्यास पुसावी. एकच आंखूड दिवा मध्यावर लावल्यास दोन्ही टोंकें अंधारांत राहतात, म्हणून दिव्यांची रांग टांकीच्या लांबीइतकी असावी.

दिवे उजेड कमीजास्त करतां येईल असेच घ्यावेत. पहिला महिना रोज सहा तास, पुढें रोपें रुजल्यावर आठ तास, असा क्रम ठेवावा. वेळ पाळण्यास आपोआप चालूबंद होणारें घड्याळ लावावें. खिडकींतून दुपारचें ऊन टांकीवर येऊं देऊं नये. मुंबईच्या उन्हाळ्यांत पाणी आधींच तापलेलें असतें, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांपेक्षां एलईडी श्रेयस्कर, तें यामुळेंही. रात्रीं वनस्पती स्वतःच प्राणवायु घेतात, म्हणून गर्द लावणीच्या टांकींत रात्रीं हवेचा पंप चालूं ठेवावा. तारेस खालीं झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारें पाणी प्लगांत शिरणार नाहीं. आणि गळती होतांच वीज तोडणारें यंत्र अवश्य बसवावें.

जोडधंदा करूं इच्छिणाऱ्यांनीं अंधेरीजवळ वेसाव्यास असलेल्या, १९६१ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेशीं विचारविनिमय करून मगच भांडवल घालावें. भरमसाट पाणी देऊन ऊंस सुधारत नाहीं, जमीन मात्र खारवते. उजेडाचेंही तसेंच आहे. दिवा प्रथम मंद लावावा, पंधरा दिवस पानांकडे पाहावें, आणि पीक मागेल तितकाच वाढवावा.