स्वस्त घराचे कर्ज आणि अर्जदाराची पतनोंद : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

निवारा ही मानवाची मूलभूत गरज असून ती भागविण्याची जबाबदारी शासनाने वेळोवेळी निरनिराळ्या मार्गांनी पत्करली आहे. मराठवाड्यात हे मार्ग कसे बदलत गेले ते स्पष्टपणे दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाची घरे उभी राहिली. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडचा समावेश झाला आणि तेथील झोपडपट्ट्यांत घरकुले बांधण्यात आली. या दोन्ही प्रसंगी लाभार्थ्याची बँकेतील पत हा मुख्य प्रश्न नव्हता. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) मात्र गृहकर्जावरील व्याज-अनुदानाला मोठे स्थान मिळाले आणि अनेकांसाठी घराचा मार्ग बँकेच्या दारातून जाऊ लागला. अनुदान शासन देते, पण कर्ज बँक देते. आणि बँक अर्जदाराची पतनोंद पाहूनच निर्णय घेते. ही नोंद अर्जापूर्वी कशी नीट करावी आणि नांदेड-लातूर परिसरातील कुटुंबांना त्यात कोणत्या अडचणी येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

योजनेचे स्वरूप आणि पतनोंदीचे मोल :

२०१५ च्या योजनेतील व्याज-अनुदान ३१ मार्च २०२२ रोजी संपुष्टात आले. १ सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० लागू झाली. तिच्या व्याज-अनुदान घटकात वार्षिक ९ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे येतात. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. कर्जाच्या पहिल्या ८ लाख रुपयांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, ४ टक्के व्याज-अनुदान मिळते. ते कमाल १.८० लाख रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, ही मूळ अट आहे.

या अनुदानाची तुलना व्याजदरातील फरकाशी करणे उद्बोधक ठरते. अनेक बँका कर्जदाराच्या पतगुणांकानुसार व्याजदर कमीअधिक ठेवतात. उदाहरणादाखल, १५ लाख रुपयांचे २० वर्षे मुदतीचे कर्ज ८.५ टक्के दराने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १३,०१७ रुपये येतो, तेच ९.५ टक्के दराने घेतल्यास सुमारे १३,९८२ रुपये. महिन्याला ९६५ रुपयांचा हा फरक २० वर्षांत २ लाख ३० हजारांच्या वर जातो. म्हणजे एका टक्क्याचा फरक शासनाने दिलेल्या कमाल अनुदानाहून मोठा ठरतो. ज्याची पतनोंद डागाळलेली आहे, त्याला एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने परत द्यावे लागते.

पतनोंदीत काय येते आणि काय येत नाही :

व्यवहारात लोक 'सिबिल' हा शब्द पतगुणांक या अर्थाने वापरतात. वस्तुतः ते एका कंपनीचे नाव आहे. पतमाहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, २००५ अन्वये देशात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या काम करतात. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर भरले की नाही, मंजूर मर्यादेपैकी किती कर्ज वापरले, कर्जांचे वय व प्रकार आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितले, यांवर तो अवलंबून असतो.

या नोंदीची स्मृती एकांगी आहे, हा येथील मुख्य मुद्दा होय. बँका, सहकारी बँका, वित्तीय कंपन्या व सूक्ष्म वित्तसंस्था यांची कर्जे तीत येतात. नोकरदारांच्या पतसंस्थांची कर्जे साधारणतः येत नाहीत. भिशी, आडत्याकडील उचल किंवा सावकाराचे देणे तर मुळीच येत नाही. परिणामी, पतसंस्थेचे हप्ते वीस वर्षे पगारातून न चुकता फेडणारा कर्मचारी बँकेच्या दृष्टीने अपरिचित राहतो; आणि मोबाइलसाठी घेतलेल्या लहान कर्जाचे दोन हप्ते विसरलेला तरुण थकबाकीदार म्हणून नोंदला जातो.

परिसरातील विशेष अडचणी :

पहिली अडचण पीककर्जाची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळी वर्षांत पीककर्जे थकणे स्वाभाविक होते. राज्य शासनाने २०१७ व २०१९ मध्ये कर्जमाफीच्या योजना जाहीर केल्या. तथापि खाते निरंक झाले म्हणजे पतनोंदही निरंक झाली, असे गृहीत धरता येत नाही. एकरकमी तडजोडीने मिटविलेले खाते अहवालात 'पूर्ण फेड' असे न दिसता 'तडजोड' असे दिसते व बँका त्याकडे साशंकतेने पाहतात. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाचे नाव गावाकडील सामाईक कर्जात असल्यास ती थकबाकी त्याच्याही अहवालात उतरते.

दुसरी अडचण जामीनकीची. सहकाऱ्याला वा नातलगाला जामीन राहणे हा येथे भिडेचा भाग मानला जातो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराचे दायित्व मुख्य ऋणकोइतकेच असते. बँकेच्या कर्जाला दिलेली जामीनकी जामीनदाराच्या अहवालात दिसते आणि ऋणकोने हप्ते चुकविल्यास तिचा भार जामीनदाराच्या गृहकर्जावर पडतो.

तिसरी बाब स्त्रियांच्या पतनोंदीची. या योजनेत घर स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे असण्यावर भर आहे. सहमालक असलेल्या पत्नीला बँक बहुधा सहकर्जदार करते. तिने सूक्ष्म वित्तसंस्थेकडून गटात घेतलेले कर्ज तिच्या नावे नोंदलेले असते. म्हणून पती-पत्नी दोघांचेही अहवाल आधी पाहणे अगत्याचे आहे.

अर्जापूर्वीची तयारी :

१) चारही कंपन्यांकडून कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्जाच्या किमान सहा महिने ते वर्षभर आधी तो मागवावा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही.

२) अनोळखी खाते, चुकीची थकबाकी वा बंद करूनही चालू दिसणारे कर्ज आढळल्यास पतमाहिती कंपनी व बँक या दोघांकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास तक्रारदाराला प्रतिदिन १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

३) फेडलेल्या प्रत्येक कर्जाचा बेबाकी दाखला जपून ठेवावा. तडजोडीच्या खात्यात उरलेली रक्कम भरून नोंद सुधारता येईल का, हे संबंधित बँकेस विचारावे.

४) एकाच वेळी अनेक बँकांकडे अर्ज करू नयेत, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

५) ज्याची काहीच नोंद नाही, त्याने निराश होऊ नये. रिझर्व्ह बँकेने किमान गुणांक ठरवून दिलेला नाही. पूर्वी कर्ज घेतले नाही एवढ्याच कारणावरून पहिला अर्ज नाकारू नये, असा तिचा बँकांना निर्देश आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाने मानधन खात्यातच घ्यावे व प्राप्तिकर विवरणपत्र नियमित भरावे. पगारपत्रक नसताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

निष्कर्ष :

नांदेड-लातूरमधील सामान्य कुटुंब कर्ज बुडविणारे नाही. त्याची फेड बहुतांशी नोंद न होणाऱ्या ठिकाणी होते आणि त्याची चूक मात्र नोंद होणाऱ्या ठिकाणी होते. ही विसंगती ओळखून तयारी केल्यास अनुदानाचा खरा लाभ मिळू शकतो. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी विद्यार्थी, शिक्षकेतर कर्मचारी आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांच्यासाठी पतअहवाल वाचनाचे एक दिवसाचे शिबिर वर्षातून एकदा घेतले, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. सहकाऱ्याच्या कर्जावर जामीन म्हणून सही करण्यापूर्वी आपलाही अहवाल मागविण्याची सवय प्राध्यापकवर्गाने लावून घेतली, तर या कार्याची सुरुवात घरापासूनच होईल.