प्रतिकृति आणि मूळ चित्र

घरांत एखादें तैलचित्र लावलें कीं पाहुण्यांपैकीं कोणी तरी जवळ जाऊन तें निरखतो आणि "ही नक्कल दिसते," एवढें बोलून दृष्टि फिरवितो. नक्कल हा शब्दच आपल्याकडे तुच्छतादर्शक होऊन बसला आहे. तथापि हातानें रंगविलेल्या प्रतिकृतीस कांहीं योग्यता आहे किंवा नाहीं, हा प्रश्न इतका सोपा नाहीं. त्याचा विचार करावयाचा तर व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकारानें काढलेल्या डॉक्टर गाशे यांच्या व्यक्तिचित्राइतकें उत्तम उदाहरण मिळणें कठीण. म्हणून त्याची हकीगत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्हॅन गॉग १८९० च्या मे महिन्यांत पॅरिसजवळील ओव्हेर या गांवीं राहावयास आला. मनाच्या विकारानें तो त्रस्त होता, आणि त्याच्यावर देखरेख ठेवण्याचें काम गाशे यांनीं पत्करिलें होतें. डॉक्टर त्या वेळीं एकसष्ट वर्षांचे होते. विषण्णता या विषयावर त्यांनीं तरुणपणीं प्रबंध लिहिला होता. परंतु वैद्यच रोग्याइतका खिन्न आहे, हें चित्रकाराच्या तेव्हांच ध्यानीं आलें. जूनमध्यें काढलेल्या चित्रांत डॉक्टर मुठीवर गाल टेकून बसले आहेत. अंगांत निळा कोट, डोक्यावर पांढरी टोपी, समोर दोन पिवळीं पुस्तकें आणि पेल्यांत ज्या वनस्पतीपासून हृदयविकाराचें औषध होतें तिची डहाळी. आपल्या काळाची व्यथा या एका मुखावर उमटावी, असा चित्रकाराचा हेतु होता. पुढें २९ जुलै रोजीं व्हॅन गॉग मरण पावला.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, डॉक्टरांस तें चित्र अतिशय आवडलें, व त्यांनीं स्वतःसाठीं तसेंच दुसरें मागितलें. व्हॅन गॉगनें तें काढूनही दिलें. मात्र त्यांत पुस्तकें नाहींत. डॉक्टरांच्या मुलांनीं १९४९ मध्यें तें फ्रान्सच्या सरकारास अर्पण केलें, आणि आज तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. म्हणजे या चित्राची पहिली पुनरावृत्ति खुद्द चित्रकाराच्याच हातची!

पहिल्या चित्राचें दैव निराळें. १९११ मध्यें तें फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयांत आलें. १९३७ मध्यें नाझी सरकारनें त्यास भ्रष्ट कला ठरवून जप्त केलें व मग परदेशीं विकलें. अखेर १५ मे १९९० रोजीं न्यूयॉर्क येथील लिलावांत साइतो नामक जपानी कारखानदारानें तें ८ कोटी २५ लक्ष डॉलर देऊन घेतलें. आपल्या प्रेताबरोबर हें चित्रही जाळावें, असें ते बोलून गेले, आणि जगभर हाहाकार उडाला. पुढें त्यांनीं ते शब्द मागे घेतले. साइतो १९९६ मध्यें वारले. चित्र जाळलें गेलें नाहीं. पण सर्वसामान्य प्रेक्षकांस तें पुन्हां दिसलेंही नाहीं. २०१९ च्या प्रदर्शनांत श्टेडेल संग्रहालयानें त्या चित्राची नुसती रिकामी चौकट टांगून ठेविली होती. धन्याच्या तिजोरींत अडकलेल्या मूळ चित्रापेक्षां गरिबाच्या भिंतीवरील प्रतिकृति लोकांच्या अधिक उपयोगी पडते, असें म्हटल्यास त्यांत चूक काय?

शिवाय व्हॅन गॉग स्वतः नक्कल करण्यास लाजत नसे. सें-रेमी येथील रुग्णालयांत असतां मिले या चित्रकाराच्या कृतींवरून त्यानें वीसएक चित्रें रंगविलीं. त्याच्यापुढें होते ते केवळ काळेपांढरे छाप. रंग त्याच्या मनांतले. वादक ज्याप्रमाणें दुसऱ्याची रचना वाजवितो, त्याप्रमाणेंच हें काम, असें तो म्हणे. आपल्या गवयांस हें समजावून सांगावयास नको. चीज गुरूची असली, तरी गळा शिष्याचाच असतो.

मात्र प्रतिकृतीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. चीनमधील शेंझेन शहरांत दाफेन नांवाची वस्ती आहे. १९८९ मध्यें हाँगकाँगचे एक चित्रकार थोड्या कारागिरांसह तेथें आले, आणि पाहतां पाहतां हजारों हात तेथें व्हॅन गॉग रंगवूं लागले. यांतील बहुतेकांच्या पुढें मूळ चित्र नसतें, असतो तो छापील कागद. कागद सपाट, मूळ चित्रांत रंगाचे जाड थर असून कुंचल्याचा प्रत्येक फटकारा उठून दिसतो. व्हॅन गॉगनें वापरलेले कांहीं तांबडे रंग उजेडानें उडाले आहेत. तेव्हां आजच्या छायाचित्रावरून काढलेली प्रतिकृति चित्राबरोबर त्याच्या वार्धक्याचीही नक्कल करिते.

दुसरी मर्यादा प्रामाणिकपणाची. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत नक्कल करण्याची परवानगी मिळते. परंतु प्रतिकृति मूळ चित्राच्या मापाची असतां कामा नये, आणि मूळ चित्रकाराची सही तींत उतरवितां येत नाहीं. हा नियम आम्हांस फार मार्मिक वाटतो. प्रतिकृतीनें स्वतःस प्रतिकृति म्हणविलें, तर ती विद्या. मूळ म्हणविलें, तर ती लबाडी. घरांतील मुलांस चित्र दाखवितांनाही हाच भेद प्रथम सांगावा, आणि मग तें खुशाल डोळे भरून पाहूं द्यावें. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांतील दुष्यंत स्वहस्तें काढलेल्या चित्रापुढें देहभान विसरला. समोर आहे तें चित्रच आहे, अशी आठवण करून दिल्यावर त्याचें दुःख कमी झालें नाहीं, उलट वाढलें.

दाफेनमधील अशाच एका कारागिरावर २०१६ मध्यें चित्रपट निघाला. वर्षानुवर्षें व्हॅन गॉगच्या हजारों प्रती काढलेला हा गृहस्थ ॲम्स्टरडॅमला जाऊन मूळ चित्रांपुढें उभा राहिला, तेव्हां आपल्या प्रतींहून तीं किती निराळीं आहेत, हें त्यास कळून आलें. घरीं परतल्यावर त्यानें स्वतःच्या आजीचें चित्र काढावयास घेतलें. इतकीं वर्षें गिरविलेले धडे वाया गेले, असें कोणी म्हणेल काय? वळणदार अक्षर कित्ता गिरवूनच येतें. मात्र कधीं ना कधीं कित्ता बाजूस ठेवून आपलें पत्र आपणच लिहावें लागतें.