आईचा ‘च’, यंत्राचा ‘च’

माझी आई तीस वर्षे मराठीची शिक्षिका होती. चाकणच्या शाळेत तिच्या हाताखालून किती मुले गेली याचा हिशेब तिला स्वतःलाही सांगता येणार नाही, पण कोणत्या मुलाचा ‘ण’ अशुद्ध होता हे ती आजही सांगते. काचबिंदूने तिची नजर हळूहळू नेली. आधी बारीक टाइप गेला, मग मथळे गेले आणि एका दिवाळीत अंकाचे मुखपृष्ठ हातात धरून ती म्हणाली, “हे निळं आहे ना रे?” ते लाल होते.

रोजचे वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम घरात आळीपाळीने व्हायचे. आळीपाळीने होणाऱ्या कामांचे जे होते तेच त्याचेही होऊ लागले. मी अर्धे अग्रलेख गाळायचो आणि तिला ते कळायचे. शेवटी मी माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवले, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी ऑर्का नावाची सोय सुरू केली, तिला ‘ई-स्पीक एनजी’ या प्रणालीचा मराठी आवाज जोडला आणि मोठ्या ऐटीत आईला खुर्चीत बसवले. आवाज घोगरा, थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण मराठी. पहिलीच बातमी चाकणची निघाली.

आईने दोन वाक्ये ऐकली आणि म्हणाली, “बंद कर. हा मुलगा कुठल्या शाळेतला?”

चूक काय होती ते सांगतो, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यापासून सुरू होते. मराठीत ‘च’ एकच लिहितो, पण म्हणतो दोन. ‘चिमणी’तला ‘च’ वेगळा आणि ‘चाकण’मधला वेगळा. एकात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मागे. ‘चार’ म्हणताना एक, ‘चारा’ म्हणताना दुसरा. ‘चिंचवड’ या एका नावात तर दोघेही शेजारी नांदतात. ‘ज’चेही तसेच; ‘जेजुरी’ सावकाश म्हणून पाहा. आपण हे आईच्या दुधाबरोबर शिकतो, म्हणून लिहिण्यात खूण नसली तरी अडत नाही. यंत्राला दूध पाजलेले नसते. आमच्या यंत्रातला मुलगा सगळीकडे चिमणीचाच ‘च’ वापरी. ‘चाकण’, ‘चूल’, ‘चोर’, सगळे एका साच्यातले. जन्मभर हे शिकवलेल्या बाईला रोज सकाळी ते ऐकवणे म्हणजे खडे घातलेला भात वाढणे. पुढचे दोन आठवडे तिने संगणकाजवळ बसायचेच सोडले. वाचून दाखवा असेही म्हणेना. ते मला जास्त लागले.

याहून गोड आवाजही आज मिळतात. पण त्यांतल्या बहुतेकांची घडण तासन्‌तास ध्वनिमुद्रणे यंत्राला ऐकवून झालेली असते आणि त्यातला एक शब्द घरबसल्या दुरुस्त करू म्हटले तर हात घालायला जागा सापडत नाही. ई-स्पीकचे तसे नाही. जोनाथन डडिंग्टन या गृहस्थांनी १९९५ साली एका ब्रिटिश संगणकासाठी लिहिलेल्या छोट्या प्रणालीतून ते वाढले. २०१५पासून इतर मंडळी त्याची पुढची आवृत्ती सांभाळत आहेत. ते कोणाचा आवाज साठवत नाही, नियमांवरून ध्वनी तयार करते. म्हणून आकाराने लहान, बोलायला चपळ आणि सुरात भिकार. पण त्याचे नियम उघड्यावर आहेत. प्रत्येक भाषेची एक नियमांची फाइल आणि एक अपवादांची यादी. मराठीचीही आहे.

आता ‘उघड्यावर’ म्हणजे काय? आमच्याकडे दिवाळीच्या आधी आई चकलीची भाजणी करायची. तांदूळ, हरभराडाळ, उडीद, मूग वेगवेगळे भाजून, धणे-जिरे घालून डबा गिरणीत जायचा. दळून आलेल्या पिठातून हरभरा वेगळा काढता येत नाही. चकली विरघळली तर पुढच्या घाण्याला धान्याचे प्रमाण बदलायचे. संगणकाच्या प्रणालीचेही असेच आहे. माणूस लिहितो तो सोर्स कोड म्हणजे धान्य. कंपायलर ही गिरणी. बाहेर पडते ते यंत्राला कळणारे पीठ, आणि त्याचा बांधलेला पुडा म्हणजे पॅकेज. बाजारातल्या बहुतेक कंपन्या पुडा विकतात आणि धान्य तिजोरीत ठेवतात. लिनक्सच्या जगात पुड्याबरोबर धान्यही मागता येते.

हा हक्क आपोआप आलेला नाही. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथल्या जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सगळ्यांना पडद्यावर कळावे अशी सोय त्याने स्वतः करून घेतली होती. नवे यंत्र आले, त्याचा सोर्स कोड मिळेना. कागद अडकतच राहिला. क्षुल्लक गोष्ट, पण त्या माणसाने ती मनावर घेतली आणि १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्याच मंडळींनी फुकट वापरता येणारी गिरणी, म्हणजे जीसीसी हा कंपायलर १९८७ साली दिला. धान्य मागण्याचा, बदलण्याचा आणि बदललेले वाटण्याचा हक्क लेखी देणारा परवाना १९८९ साली काढला. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो त्या परवान्याखाली आणला. १९९३ साली इयान मर्डॉकने डेबियन सुरू केले. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, दोघांची नावे जोडून झालेला हा शब्द! आमच्या घरातला संगणक डेबियनवर चालतो.

मी इंजिनिअर नव्हे. बँकेत नोकरी केली, लिनक्सचा नाद नव्वदीच्या दशकात एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीने लागला. पण इतकी वर्षे मी पुडेच वापरत होतो. गिरणीत जायची वेळ आईच्या ‘च’मुळे आली.

डेबियनला एक आज्ञा दिली की पॅकेजचा सोर्स घरी येतो. त्यात मूळ लेखकांचा गठ्ठा असतो आणि त्याबरोबर डेबियनने स्वतःची घातलेली ‘डेबियन’ नावाची घडी. या घडीत सगळी संसाराची व्यवस्था. ‘कंट्रोल’ नावाच्या फाइलमध्ये दळायला काय काय लागेल आणि किती पुडे बांधायचे हे लिहिलेले, ‘रूल्स’मध्ये कृती, ‘चेंजलॉग’मध्ये कोणी कधी काय बदलले याची वही. दुसऱ्या आज्ञेने लागणारी सामग्री गोळा होते. मी ती आज्ञा द्यायला विसरलो आणि पहिली संध्याकाळ त्यातच गेली. दळण सुरू होण्याआधी यंत्र घरभर फिरून पाहते: कंपायलर आहे का, अमुक लायब्ररी आहे का, तमुक आवृत्तीची आहे का. पडद्यावर ‘आहे, आहे, आहे’ अशी माळ लागते आणि मध्येच एक ‘नाही’ येऊन सगळे थांबते. सासूबाई पहिल्यांदा स्वयंपाकघरात आल्यावर असेच होते.

काही न बदलता पॅकेज एकदा जसेच्या तसे दळून पाहिले. हा शहाणपणा मात्र मी केला. आधी साधी भाजणी जमली पाहिजे.

मग नियम. मला वाटले, सोपे आहे. व्याकरणात सांगितलेच आहे की इ, ए आणि य यांच्या आधी टाळूचा ‘च’, एरवी दातांचा. तेवढे फाइलमध्ये घातले, पॅकेज केले, आईला हाक मारली. ‘चाकण’ सुरेख आले. पाठोपाठ यंत्र ‘चंद्र’ आणि ‘चरित्र’ हे शब्द दातांमागून म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी आई खळखळून हसली. “अरे, संस्कृतातून आलेले शब्द सोडायचे. हे मी तुला चौथीत शिकवलंय.” संस्कृतातून कोणते आले हे यंत्राला कसे सांगणार? त्याला यादी लागते.

ती यादी आईने केली. रोज दुपारी चहा झाला की ती खुर्चीत आणि मी कळफलकाशी. (‘चहा’ टाळूचा, तोही अपवाद.) ती शब्द म्हणायची, मी लिहायचो, यंत्र म्हणून दाखवायचे आणि ती पास-नापास करायची. सर्वांत मोठे घबाड तिनेच दाखवले. म्हणाली, “तू एकेक नाम काय धरून बसलास? प्रत्यय धर.” ‘घराचा’ यातला ‘चा’ दातांचा, पण ‘घराची’, ‘घराचे’, ‘घराच्या’ टाळूचे. वर्तमानपत्राच्या दर दुसऱ्या ओळीत हा प्रत्यय येतो. शब्दाच्या शेवटचा ‘चा’ दातांचा, एवढा एक नियम घातला. ‘त्वचा’, ‘ऋचा’ असे थोडे वगळले. आणि मुलगा एकदम पुण्याच्या आसपासचा वाटू लागला. नियमाच्या फाइलमध्ये शब्दाची नुसती सुरुवातही देता येते, म्हणजे ‘चाकणला’, ‘चाकणकर’ असे प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागत नाही. हे मला साठ शब्द लिहून झाल्यावर कळले.

आणखी एक फजिती सांगितली पाहिजे. एकदा सगळे करून, नवे पॅकेज बसवूनही उच्चार तसूभर बदलेना. तीन वेळा दळले. शेवटी ‘कंट्रोल’ फाइल नीट वाचली तेव्हा उलगडले: एका सोर्समधून अनेक पुडे निघतात. बोलणारी प्रणाली एका पुड्यात आणि भाषांचे नियम ‘डेटा’ नावाच्या दुसऱ्याच पुड्यात. मी बोलणारा तोंडवळा बदलत होतो, जीभ जुनीच होती.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग एका सकाळी आई म्हणाली, “आज हा परत बिघडला.” रात्री संगणकाने आपणहून नव्या आवृत्त्या आणल्या होत्या. डेबियनच्या पुड्याचा क्रमांक माझ्यापेक्षा वरचा, म्हणून माझे पॅकेज पुसून त्याचे बसले. यावर उपाय आहेत. आपल्या क्रमांकाला शेपूट जोडायचे, म्हणजे घरचे कोणते ते कळते. किंवा ‘याला हात लावू नकोस’ अशी संगणकाला ताकीद द्यायची. पण ताकीद दिली की त्या पॅकेजमधल्या पुढच्या सुधारणाही दाराबाहेर राहतात, सुरक्षेच्यासुद्धा. मी ताकीद देत नाही. नवी आवृत्ती आली की नवा सोर्स आणतो, आमचे बदल त्यावर चढवतो, पुन्हा दळतो. अर्धा तास जातो.

घरच्या भाजणीचा अभिमान फार चढू नये, म्हणून दोन घटना मी डोक्यात ठेवल्या आहेत. २००६ साली डेबियनमध्ये ओपन-एसएसएल या पॅकेजमधल्या एक-दोन ओळी गाळण्यात आल्या. तपासणीच्या साधनाला त्या संशयास्पद वाटत होत्या एवढेच कारण, हेतू चांगला. पण गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी बेभरवशाची भर त्या ओळींतूनच येत होती. त्या गेल्यावर एका प्रकारच्या, एका आकाराच्या किल्ल्यांचे शक्य प्रकार जेमतेम ३२ हजारांच्या घरात आले, म्हणजे चोराने बसून सगळ्या लावून पाहाव्यात इतके थोडे. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले. जवळजवळ दोन वर्षे कोणाला पत्ता नव्हता. दुसरी घटना २०२४ची. एक्सझेड नावाच्या पॅकेजमध्ये कोणीतरी टोपणनावाने दोनेक वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा घातला होता. गंमत अशी की वाटपाच्या गठ्ठ्यातला एक कळीचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हता, आणि तो जागा व्हायचा तो डेबियन किंवा रेडहॅटच्या पद्धतीचे पॅकेज बांधले जात असतानाच. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, म्हणून तो सापडला. अर्ध्या सेकंदासाठी चिकाटीने मागे लागणारा माणूस पाहिला की मला आमच्या खुर्चीतल्या शिक्षिकेची आठवण होते.

आमचे बदल मूळ मंडळींकडे पाठवावेत, म्हणजे ते सगळ्यांच्या पुड्यात येतील आणि माझे दळण सुटेल, हे उघड आहे. पण तिथे घरातच अडले. माझी बायको विदर्भातली. काही शब्दांवर सासू-सुनेचे एकमत होईना आणि मतभेद नेहमीपेक्षा बराच तात्त्विक पातळीवर गेला. शेवटी दोन फाइली केल्या. प्रत्ययांचे नियम आणि दोघींना मान्य असलेले शब्द एकात, ती पाठवायची. वादाचे शब्द दुसऱ्यात, ते घरापुरते. ई-स्पीकमध्ये अशा जादा यादीची सोय आहेच. पहिली फाइल अजून पाठवलेली नाही, कारण आईची तपासणी चालू आहे. उत्तरपत्रिका तिने कधी घाईने परत केल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व, तिथे टाळूचा ‘ज’. आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, तिथे दातांचा. अक्षरे तीच. ‘वाचा’चेही तसेच: वाणी आणि वाचन, दोन्हींना एकच लेखन. नियम अक्षरांकडे बघतो, अर्थाकडे नाही. मी आईला म्हटले, यातला कुठला तरी एकच निवडावा लागेल.

तिने थोडा वेळ विचार केला. “विश्वाचाच ठेव. दुसरं वर्तमानपत्रात कोण लिहितं?” मग मान माझ्या दिशेला वळवून म्हणाली, “आणि ‘झ’चं तू अजून काहीच केलेलं नाहीस. ‘माझा’ लिही. मग ‘माझी’.”