आधी पंखा बघा!

कफ परेडच्या मच्छीमार नगरात इंजिन बदलणे ही काही नवलाची गोष्ट नाही. लॉरीच्या जातीचे डिझेल इंजिन समुद्रासाठी तयार करून होडीत बसवतात. पण जुना नाखवा मिस्त्रीला पहिला प्रश्न इंजिनाचा विचारत नाही. तो विचारतो, "मिस्त्री, पंखा कुठला लावतोस?" इंजिनाचा आणि पंख्याचा मेळ बसला नाही, तर काळा धूर निघतो, डिझेल वाया जाते आणि होडी म्हणावी तशी पळत नाही. जुन्या जीपचे इंजिन बदलणाऱ्यानेही हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

जीपचे आणि मुंबईचे नाते जुने. महिंद्रांनी 1949 साली माझगावात विलीज जीपची जुळणी केली. त्या घराण्यातल्या सीजे-3बी जीपला सुमारे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन होते. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा खुद्द कंपनीनेच ट्रॅक्टरच्या वंशातले डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. 1979 मध्ये प्यूजोशी करार झाला आणि पुढे त्या जातीची डिझेल इंजिने इगतपुरीला बनू लागली. जुन्या पेट्रोल जीपच्या मालकांनीही मग गॅरेजात डिझेल इंजिने बसवून घेतली. कंपनीने बदल करताना सगळी गाडी तपासली होती. गॅरेजात मात्र पुष्कळदा फक्त इंजिन "बसते का" एवढेच पाहिले जाई.

आता हिशेब करू. सीजे-3बीच्या डिफरन्शियलचे प्रमाण 5.38 असे, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन 5.38 वेळा फिरले की चाक एकदा फिरते. जुन्या 16 इंची चाकांवर मिनिटाला 4000 फेऱ्यांना वेग होतो ताशी सुमारे 100 किलोमीटर. हेच 2500 फेऱ्यांवर थांबणारे संथ डिझेल इंजिन घातले, की गाडी साठ-पासष्टच्या पुढे जात नाही. जीपचा "पंखा" म्हणजे हे डिफरन्शियल!

उलट बाजूही बघा. फोर-व्हील लो आणि पहिला गिअर एकत्र लावले, की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चाकांपर्यंत जवळजवळ 37 पट होतो. इंजिनाचा टॉर्क थोडा जरी वाढला, तरी चिखलात रुतलेल्या गाडीचा एक्सल तुटू शकतो. डिझेल इंजिन सहसा जड असते, म्हणून पुढचे पाटे दबतात आणि ब्रेकवरचा भार वाढतो. त्याला जास्त हादरे असतात, म्हणून माउंटिंग आणि चासीचे वेल्डिंग भक्कम लागते. बॅटरी आणि स्टार्टरही ताकदीचे हवेत.

एक गोष्ट हमखास विसरतात. अनेक जुन्या पेट्रोल जीपचे वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालत. डिझेल इंजिनात ती ओढ मिळत नाही. पंप किंवा विजेचा वायपर लावला नाही, तर ऐन पावसात घाटात काच आंधळी होते. ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर असेल, तर पेडल दगडासारखे होते.

शेवटी कागद. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा कडक अर्थ लावला. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत लेखी विचारा. परवानगी नसेल, तर आहे तेच इंजिन दुरुस्त करून घेणे उत्तम. आरसी बुकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे असेल, तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकू शकतात.

दर्यावर इंजिन बंद पडले तर घरी परत कसे यायचे, हे नाखवा निघण्यापूर्वीच ठरवतो. रस्त्यावरच्या माणसानेही तेवढा विचार करावा. इंजिन क्रेनने अर्ध्या दिवसात उतरते. बाकीची गाडी त्याच्या जोडीची करायलाच खरा वेळ आणि खरा पैसा लागतो.