शॉट आखडला, रशेस वाढले: चित्रपट-संकलनाच्या शतकाचा हिशेब

१९३० ते १९६० या तीस वर्षांत हॉलिवूडच्या बहुतेक चित्रपटांत एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद पडद्यावर राहत असे. विसावे शतक संपताना ही सरासरी ३ ते ६ सेकंदांवर आली. २०१५च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये १२० मिनिटांत सुमारे २,७०० शॉट आहेत. एका शॉटच्या वाट्याला २.७ सेकंद येतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ६४ फ्रेम. प्रेक्षकासमोरचे चित्र मिनिटाला २२ वेळा बदलते.

या मोजमापाला ‘शॉटची सरासरी लांबी’ म्हणतात. चित्रपटाच्या एकूण सेकंदांना शॉटांच्या संख्येने भागले की ती मिळते. अभ्यासक बॅरी सॉल्ट यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रुळवली. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी तिच्या आधारे हॉलिवूडचा दशकवार हिशेब मांडला. त्यांच्या मोजणीनुसार १९३० ते १९६० या काळातल्या बहुतेक चित्रपटांत ३०० ते ७०० शॉट असत. १९९०चे दशक संपताना ३,००० ते ४,००० शॉटांचे चित्रपट येऊ लागले होते.

सुरुवात शून्य कटांपासून झाली. ल्युमिए बंधूंची फिल्म १७ मीटर लांबीची आणि सुमारे ५० सेकंदांची असे. तिच्यात शॉट एकच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवलेल्या सहा फिल्म अशाच होत्या. सात वर्षांनी एडविन पोर्टर यांनी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’त सुमारे १२ मिनिटांत १४ शॉट जोडले. सरासरी पुन्हा ५० सेकंदांच्या आसपासच येते. शॉट आखडला नव्हता. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन गोष्ट पुढे नेता येते, एवढे सिद्ध झाले होते.

वेग पुढच्या २५ वर्षांत आला. ग्रिफिथ यांच्या १९१५च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये तीन तासांहून अधिक लांबीत सुमारे १,३७५ शॉट आहेत. आयझेन्स्टाइन यांच्या १९२५च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये जवळपास तितकेच शॉट निम्म्याहून कमी वेळात बसवले आहेत. १९२९चा झिगा वेर्तोव यांचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ ६८ मिनिटांचा असून त्यात सुमारे १,७७५ शॉट आहेत, सरासरी २.३ सेकंद. संकलक येलिझावेता स्विलोवा यांनी हे शॉट हाताने कापून जोडले. ‘फ्युरी रोड’पेक्षा हा चित्रपट ८६ वर्षांनी जुना आहे आणि त्याचा शॉट ०.४ सेकंदाने आखूड आहे.

वेग ही संगणकाची देणगी नाही, याचा हा पहिला पुरावा. दुसरा पुरावा १९३०च्या सुमाराचा आहे. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत अमेरिकी सरासरी ५ सेकंदांच्या आसपास आली होती. बोलपट आला आणि ती जवळपास दुप्पट झाली. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात कोंडला गेला, आणि संवादाशी जोडलेले चित्र हवे तिथे कापणे अवघड होऊन बसले. ध्वनीसाठीचे मूव्हिओला संकलनयंत्र १९३०मध्ये आले, अडचणी एकेक करून सुटल्या, तरी ८ ते ११ सेकंदांची शिस्त तीन दशके टिकली.

तिसरा पुरावा घसरणीच्या तारखेत आहे. सरासरी ६ ते ८ सेकंदांवर आली ती १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा संकलक मूव्हिओला किंवा स्टीनबेक या यंत्रांवर फिल्म पाहत आणि स्प्लायसरने जोडत. ॲव्हिडची संगणकीय प्रणाली १९८९मध्ये बाजारात आली. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर पहिल्यांदा मिळाले ते १९९७मध्ये, ‘द इंग्लिश पेशंट’साठी वॉल्टर मर्च यांना. घसरणीला तोवर तीस वर्षे होऊन गेली होती. संगणकाने आधीच सुरू झालेली गती पुढे नेली.

सरासरीने बरेच झाकलेही जाते. ‘सायको’तील (१९६०) न्हाणीघरातला प्रसंग सुमारे तीन मिनिटांचा आहे. त्यासाठी कॅमेऱ्याच्या ७८ मांडण्या झाल्या, प्रसंगात ५२ कट आहेत आणि चित्रीकरणाला सात दिवस लागले. कटांमधले सरासरी अंतर साडेतीन सेकंद निघते. पण सुरुवातीचे आणि शेवटचे शॉट लांब आहेत. प्रत्यक्ष हल्ल्यातले बरेच शॉट सेकंदभरही टिकत नाहीत. भीती सरासरीतून येत नाही, या फरकातून येते.

कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स कटिंग आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये हाच मुद्दा मोठ्या नमुन्यावर तपासला. १९३५ ते २००५ या काळातले १५० चित्रपट त्यांनी शॉटनिहाय मोजले. अलीकडच्या चित्रपटांत आखूड शॉट आखूड शॉटांजवळ आणि लांब शॉट लांब शॉटांजवळ येण्याचे प्रमाण अधिक आढळले. अशा लाटा माणसाच्या अवधानाच्या चढउतारांशी जुळतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शॉट आखडला एवढेच घडले नाही. तो कुठे आखडायचा, हे संकलक अधिक नेमकेपणाने ठरवू लागले.

आता उलट दिशेचे आकडे. हिचकॉक यांच्या ‘रोप’मध्ये (१९४८) ८० मिनिटांत १० शॉट आहेत, त्यांतला सर्वांत मोठा सुमारे १० मिनिटांचा. ३५ मिमीच्या १,००० फूट रिळात ११ मिनिटेच मावतात, म्हणून मर्यादा तिथे पडली. २००१मध्ये सोकुरोव यांनी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातल्या ३३ दालनांतून ‘रशियन आर्क’ दीड तासाच्या एकाच शॉटमध्ये टिपला. रिळाच्या जागी हार्ड डिस्क आली नसती, तर हे शक्य नव्हते. ज्या डिजिटल तंत्राने कट सोपा केला, त्याच तंत्राने कट टाळणेही सोपे केले.

शॉटांच्या संख्येवरून पुरस्कारही ठरत नाहीत. ‘ग्रॅव्हिटी’च्या (२०१३) ९१ मिनिटांत १५६ शॉट आहेत, सरासरी ३५ सेकंद, त्याला संकलनाचे ऑस्कर मिळाले. पुढच्या वर्षी ‘बर्डमॅन’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. तो एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसतो, आणि संकलनासाठी त्याचे नामांकनही झाले नाही. १९८१ ते २०१३ या ३३ वर्षांतल्या प्रत्येक सर्वोत्कृष्ट चित्रपटाला ते नामांकन होते. कट लपवणे हेही संकलनच आहे, पण मोजताना ते सुटते.

एक आकडा मात्र जागचा हललेला नाही. अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या २५० चित्रपटांच्या संकलकांत स्त्रियांचा वाटा १९९८मध्ये २० टक्के होता. २०२२मध्ये तो २१ टक्के होता. ‘फ्युरी रोड’च्या संकलक मार्गारेट सिक्सेल यांना ऑस्कर मिळाले. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’साठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. गुणवत्तेची उणीव या २० टक्क्यांचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही.

सर्वांत बोलका आकडा पडद्यावर दिसत नाही. मर्च यांनी ‘अपोकॅलिप्स नाऊ’चा (१९७९) हिशेब लिहून ठेवला आहे: छापलेली फिल्म १२.५ लाख फूट, म्हणजे २३० तासांहून अधिक. तयार चित्रपट २ तास २५ मिनिटे. पडद्यावरच्या एका मिनिटामागे ९५ मिनिटे बाजूला पडली. त्यांच्या मते सर्वसाधारण चित्रपटात हे प्रमाण २० असते. सर्व संकलकांचे सर्व दिवस धरले, तर एका संकलकाच्या वाट्याला दिवसाला १.४७ कट आले. फिल्म कापून जोडायला काही सेकंद पुरतात. उरलेला दिवस पाहण्यात, जोडून पुन्हा सोडवण्यात आणि निर्णय घेण्यात गेला.

‘फ्युरी रोड’चे रशेस, म्हणजे संकलनाआधीचे कच्चे चित्रण, सुमारे ४८० तासांचे होते. दोन तासांच्या चित्रपटाशी हे प्रमाण २४० पट आहे, ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या अडीच पट. रोज आठ तास बसून ते एकदा नुसते पाहायचे म्हटले तरी ६० दिवस लागतात. वापरलेल्या प्रत्येक शॉटमागे सरासरी पावणेअकरा मिनिटांचे चित्रण तपासावे लागले.

शॉटची सरासरी लांबी चित्रपटाची गती सांगते, संकलकाचे श्रम सांगत नाही. श्रम मोजायचे तर रशेसचे तास मोजावे लागतात, आणि कॅमेऱ्यात फिल्म जाईनाशी झाल्यापासून ते वाढवायला जादा फुटांचा खर्चही येत नाही. वेळापत्रक आखणाऱ्या निर्मात्याने संकलनाचे आठवडे पटकथेच्या पानांवरून किंवा कटांच्या अंदाजावरून ठरवू नयेत. चित्रीकरण संपल्यावर रशेस किती तासांचे झाले, ते आधी पाहावे आणि आठवडे त्यावरून द्यावेत.