पेशीतल्या पाहुण्याचा पत्ता

आपल्या पेशींत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, असतात हे तुम्ही शिकला आहात. दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज स्वतंत्र जीवाणू होते! ते दुसऱ्या एका पेशीत शिरले आणि पाहुण्याचे घरचेच झाले. वनस्पतींतील हरितलवकेही अशीच, नील-हरित जीवाणूंपासून आली. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन संशोधिकेने १९६७ साली ही कल्पना नव्याने मांडली.

पण येथे एक कोडे पडते. माणसाच्या तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी फक्त १३ प्रथिनांची जनुके तिच्याजवळ उरली आहेत. पूर्वजाची इतर पुष्कळशी जनुके नाहीशी झाली, तर काही यजमान पेशीच्या केंद्रकात गेली. त्यामुळे बाकीची प्रथिने बाहेर, पेशीद्रवात बनतात. मग ती आत कशी जातात?

यांतील अनेक प्रथिनांच्या टोकाला ॲमिनो आम्लांची एक छोटी साखळी असते. हाच त्यांचा पत्ता! साखळीवर धन विद्युतभार असतो. तंतुकणिकेचा आतला भाग ऋणभारित असल्याने ती आत ओढली जाते. आत पोचल्यावर पत्ता कापून टाकला जातो. प्रथिनांमध्येच असे पत्ते असतात, हे दाखवून देणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सांगा, आधी पत्ता आला की आधी दार? एकाशिवाय दुसरे निरुपयोगीच!

१९८७ साली ॲलिसन बेकर आणि गॉटफ्रीड शात्झ यांनी एक गमतीदार प्रयोग केला. यीस्टच्या एका प्रथिनाचा पत्ता त्यांनी मोडून टाकला आणि तेथे एका जीवाणूच्या डीएनएचे वाटेल ते तुकडे जोडले. शंभरांतील अगदी थोड्या तुकड्यांनी, पण खरोखरच, पत्त्याचे काम केले! म्हणजे पत्ता योगायोगानेही मिळू शकतो. तो मिळेपर्यंत तंतुकणिकेतील मूळ जनुक काम करीतच होते. म्हणून पेशीचे काही अडले नाही. केंद्रकातील प्रत उपयोगी पडू लागल्यावर मूळ जनुक गेले तरी चालण्यासारखे होते.

आणि दार? हरितलवकाच्या बाहेरील पटलातील दाराचे मुख्य प्रथिन नील-हरित जीवाणूंच्या बाह्यपटलातील एका प्रथिनाचे वंशज आहे. जुन्याच लाकडाची नवी चौकट!

मग ती १३ जनुके मागे का राहिली असावीत? त्यांपासून बनणारी प्रथिने पाण्यापासून दूर राहणारी, पटलातच रुतून बसणारी असतात. हा धागा धरून तुमच्या शिक्षकांशी चर्चा करून पाहा.