टीप नेमकी कशाची?

मंडळी, विषय वाचून दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. तत्त्वज्ञानाचा माणूस आणि वेटरच्या टिपेवर बोलणार! पण आमचा धंदाच असा आहे. बाकीचे जिथून सहज पुढे जातात, तिथे आम्ही अडून बसतो.

बडीशेपेच्या बशीत बिल येतं. आपण सुट्टे चाचपतो, दहा ठेवावेत की वीस असा क्षणभर विचार करतो आणि उठतो. हे पैसे कशाचे, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, "चांगल्या सर्व्हिसचे." मला हे उत्तर पटत नाही. का, ते आपल्याच दोन तालुक्यांवरून सांगतो.

शहापूरकडे मुंबई-नाशिक महामार्ग आहे. तिथल्या ढाब्यांवरचं गिऱ्हाईक बहुतेक परकं. कसारा घाट चढायच्या आधी जेवायचं आणि निघायचं. टीप द्यायची ती जेवण झाल्यावर, म्हणजे वाढणाऱ्याला वाढताना ती मिळेल की नाही याचा पत्ता नाही. देणाराही त्याच वेटरला पुन्हा भेटेल असं नाही. तरी लोक टीप ठेवतात. आता मुरबाडच्या बाजारपेठेत या. खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवणारी माणसं असतात. एमआयडीसीतले कामगार, बदलून आलेले मास्तर, बँकेतला एकटा राहणारा कारकून. हे रोज येतात. हिशेबानं बघितलं तर टीप यांनी द्यायला हवी, त्यांना उद्याही तिथेच जेवायचंय. पण कोणी देत नाही. आणि वाढप कुठलं चांगलं? खाणावळीतलं! कोणाला भाकरी लागते, कोणाचा गुरुवार आहे, कोणाला तिखट सोसत नाही, सगळं वाढणाऱ्याला तोंडपाठ असतं. ते टिपेनं आलेलं नाही, रोजच्या ओळखीनं आलंय.

हा केवळ माझा तर्क नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मायकेल लिन नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी कित्येक वर्षं टिपेचाच अभ्यास केला. बरेच अभ्यास एकत्र तपासल्यावर सर्व्हिसचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध त्यांना आढळला, पण अगदी क्षीण. बिल मोठं तर टीप मोठी, हेच मुख्यतः खरं. आणि ही गोष्ट त्या देशातली, जिथे टीप म्हणजे मजा नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचा किमान रोख पगार ताशी २.१३ डॉलर, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेलं टिपेतून यावं, नाही आलं तर मालकानं भर घालावी, अशी ती रचना. म्हणजे पगाराचा मोठा भाग मालकाच्या अंगावरून काढून गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टाकलेला.

मर्जी हा शब्द जरा धरून ठेवा. आपल्याकडे या देण्याला शब्द किती! बक्षीस, दिवाळीची पोस्त, चहापाणी. चहापाणी तर सरळ लाचेपर्यंत जाऊन पोचलं. त्याहून जुनं म्हणजे बलुतं. सुतार, न्हावी, कुंभार यांना सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. आज दाढी गुळगुळीत झाली म्हणून दोन पायल्या जास्त, असा तो हिशेब नव्हता, म्हणायला तो हक्क होता. पण म्हणायलाच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, त्याचं एक मुख्य कारण हेच होतं. महारांनी राबायचं सरकारी कामासाठी आणि मोबदला मात्र गावानं धान्यातून द्यायचा. गाव रुसलं की बलुतं बंद. काम पक्कं आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असला, की काम करणाऱ्याला कायम वाकून राहावं लागतं. ढाब्यावरच्या पोराची स्थिती तितकी भयंकर नाही, हे मला कळतं. जातीचं बंधन आणि नोकरी एका मापानं मोजू नयेत. पण जोखड कुठे बसतं, ती जागा तीच आहे.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही माळशेज घाट बघून परतत होतो. टोकावड्याच्या आसपास एका हॉटेलात शिरलो. गर्दी म्हणजे जत्रा. पाऊण तासानं पिठलं-भाकरी आली, तीही गार. अख्ख्या हॉटेलात एकच पोरगा धावत होता. मी बिल भरलं आणि मुद्दाम एक रुपया ठेवला नाही. ताठ मानेनं हात धुवायला गेलो, तर तोच मोरीपाशी पाण्याची बादली घेऊन आला. म्हणाला, "उशीर झाला बाबा. आवणी लागली ना, बाकीची पोरं गावी गेली."

बघा, भाताची आवणी आणि माळशेजचे धबधबे, दोन्ही एकाच महिन्यात. हॉटेलात काम करणारी कितीतरी पोरं आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांवरची, घरच्या वावरात त्यांचे हात लागतातच. हे दरवर्षी होतं, मालकाला ठाऊक असतं, सोय त्यानं करायची. आणि मी शिक्षा कोणाला केली? जो थांबला होता त्याला! मी परत आत जाऊन पैसे ठेवले का? नाही ठेवले. गाडी सुरू होती, पाऊस होता, मंडळी हाका मारत होती. अशी कारणं नेहमी हाताशी असतात.

मग सर्व्हिस चार्ज बिलातच लावावा का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं, की हॉटेलांनी तो आपोआप लावू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. मला ते योग्य वाटतं, कारण तो पैसा वाढणाऱ्यापर्यंत पोचतो की नाही हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

मी स्वतः टीप देतो. पण आता परीक्षकासारखी देत नाही. बिलाच्या मानानं ठरलेली रक्कम, वाढप कसंही असो. तक्रार असली तर गल्ल्यावर जाऊन मालकाला सांगतो, वेटरच्या बशीतून वळती करत नाही. मुदपाकखान्यात भांडी घासणाऱ्या बाईला मात्र यातलं काही मिळत नाही, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही.

परवा इथेच शहापुरात मोबाइलनं स्कॅन करून पैसे भरले, वर वीस रुपये जास्त टाकले आणि पोराला मोठ्या खुशीत तसं सांगितलं. तो म्हणाला, "सर, ते शेठच्या खात्यात गेले." तेव्हापासून खिशात दहा-दहाच्या नोटा ठेवतो.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी हात वर केलाय.